खारघर टेकडी: जाळरेषा आणि वाऱ्याच्या नोंदी (फेब्रुवारी ते जून)

१० फेब्रुवारी

जाळरेषेच्या कामाला आज हात लागला. वनखात्याच्या हिशेबाने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, म्हणजे आपल्या हातात पाचच दिवस. पठाराच्या पश्चिम कडेला, ओहोळाकाठी दोन पावसाळ्यांत मिळून लावलेली ९०० रोपं आहेत. त्यांच्याभोवती ५२० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद पट्टा गवत काढून मोकळा करायचा. हीच जाळरेषा, बाहेरची आग इथे अडावी म्हणून. वनरक्षक ताईंनी सकाळीच येऊन खुणेच्या काठ्या रोवून दिल्या. पट्टा कापून आणि झाडूनच काढायचा, जाळून नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. जाळून रेषा काढायचं काम खात्याची माणसं करतात, आपल्यापैकी कोणी काडी ओढायची नाही.

आज अकरा जण होतो. त्यातले चौघे टेकडीवरच्या चाफेवाडी पाड्याचे होते म्हणून काम पुढे सरकलं. खाली सेक्टरमध्ये राहणाऱ्या आम्हा लोकांचा विळ्यावर हात बसायला अजून वेळ आहे. दुपारपर्यंत ९० मीटर.

१२ फेब्रुवारी

२६० मीटर झाले. गवत कमरेएवढं आहे आणि निम्म्याहून जास्त कुसळीच. मोजे, ओढण्या, केस, सगळीकडे कुसळं. दुपारी सावलीत बसल्यावर चाफेवाडीच्या मावशींनी माझ्या ओढणीतलं एक कुसळ काढलं, तळहातावर ठेवलं आणि बाटलीतला एक थेंब त्यावर सोडला. पिळा बसलेला काळा केस हळूहळू सुटायला लागला. सुटता सुटता गोल फिरला आणि टोकाचा तपकिरी भाला हाताच्या रेषेत घुसायला बघू लागला. दवाने सुटायचं, उन्हाने पुन्हा पिळायचं, असं करत ते बी स्वतःला मातीत पेरून घेतं.

मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, पण हे इतक्या जवळून आजच पाहिलं. वणव्याचं निम्मं गणित त्यात आहे. गवतातली आग पळती असते. ती वरचं जाळून पुढे जाते, मातीत बोटभर खाली गेलेल्या बीला तिची झळ लागत नाही. म्हणून दरवर्षी जळणाऱ्या टेकडीवर कुसळी वाढत जाते आणि मऊ गवत मागे पडतं. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ असं अजून ऐकायला मिळतं. हिरवं लवकर दिसतं हे खरंच आहे. पण येतं ते कोणतं गवत? कुसळी कोवळी असेपर्यंत गुरं खातात, भाला धरला की तोंड लावत नाहीत. आणि त्या हिरव्याच्या पायी एक-दोन वर्षांची सगळी रोपं जातात. ही टेकडी वर्षानुवर्षं गवतावरच अडकली आहे ती यामुळे. मोठं जंगल जळाल्याची बातमी होते, पण जंगल होऊच न शकलेल्या जागेची कुठे नोंदही होत नाही. या नोंदी लिहायला घेतल्या त्या त्यासाठी.

१५ फेब्रुवारी

५२० मीटर पूर्ण. कापलेलं गवत भारे बांधून पाड्यावर दिलं. उत्तरेच्या बाजूला एक वठलेला पांगारा पडला आहे, तो रेषेवर आडवा आला आहे. आठ जणांनी जोर लावूनही हलला नाही. पुढच्या रविवारी करवत आणून कापायचा.

२५ फेब्रुवारी

आजपासून रोज तीन वेळा मोजमाप. दोन साधे तापमापक एका फळीवर ठोकले, एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलं. ओल्या आणि कोरड्या वाचनातल्या फरकावरून हवेतला ओलावा कोष्टकात बघायचा.

सकाळी ७: कोरडा २२, ओला १८. ओलावा ६८ टक्के.
दुपारी १२: कोरडा ३८, ओला २१. ओलावा २० टक्के.

पाच तासांत ६८ वरून २०. लाकडाच्या ओंडक्याला वाळायला महिने लागतात, पण गवताच्या काडीला तास पुरतो. सकाळी दवाने वाकलेलं गवत दुपारी चुरचुरत होतं, मुठीत दाबलं तर भुगा झाला. म्हणून आदल्या दिवशीचा पाऊस किंवा सकाळचं धुकं बघून ‘आज काही भीती नाही’ असं कोणी म्हणू नये.

पांगारा तसाच आहे.

११ मार्च

उष्णतेची लाट. हवामान खात्याच्या निकषाने किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांच्या वर आणि सरासरीहून किमान ४.५ अंश जास्त असेल तर लाट म्हणतात. डोंगराळ भागासाठी हाच आकडा ३० आहे. आपली टेकडी डोंगर असली तरी समुद्राच्या दारात आहे, तेव्हा ३७ च धरायचा. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे काही नवं नाही. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ आणि १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ नोंदलं गेलं आहे.

पण पंधरा दिवस फळीसमोर उभं राहिल्यावर माझं लक्ष पाऱ्यावरून वाऱ्याकडे गेलं आहे. इथे सकाळी वारा पूर्वेकडून येतो, घाटाकडून, कोरडा आणि गरम. मग समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि दिशा उलटी होते. तो अकराच्या आत आला तर दिवस सुसह्य जातो. आज सव्वा वाजेपर्यंत आलाच नाही आणि कोरडा तापमापक ३९ वर गेला, ओला २०.५. ओलावा १७ टक्के. आला तेव्हा दहा मिनिटांत वारा पूर्वेचा पश्चिमेचा झाला. झाडाला बांधलेली फडक्याची चिंधी आधी लोंबकळली, मग उलट्या बाजूला ताठ झाली.

ती दहा मिनिटं आगीत सापडली तर? ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले लोक गवताच्या वणव्यात अडकले, २३ जण गेले. आज तीच तारीख म्हणून आम्ही सगळ्यांनी बसून नियम लिहून काढले. आगीच्या वरच्या अंगाला उतारावर कोणी थांबायचं नाही, कारण उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. एकट्याने जायचं नाही. अंगात सुतीच कपडे. आणि निघायचा रस्ता आधी ठरवून मगच आगीकडे जायचं. धूर दिसला की पहिला फोन वनखात्याच्या १९२६ ला.

२ एप्रिल

चाफेवाडीत राब भाजायला सुरुवात. शहरातून येणाऱ्यांना वाटतं की राबामुळेच वणवे लागतात, आणि आमच्यातही दोघांचं तसं मत होतं. म्हणून आज मुद्दाम जाऊन बसलो. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, त्यावर पाला, त्यावर गवत, वरून मातीचा पातळ थर. चारी बाजूंनी हातभर जमीन झाडून घेतलेली. पेटवलं ते वारा जिकडे जातो त्या बाजूने, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते. जमीन नीट भाजते, तणाचं बी मरतं आणि ठिणगी उडून जात नाही. शेवटपर्यंत दोन माणसं पाण्याची कळशी घेऊन बसून होती.

राब भाजणाऱ्या एका बाबांना मी विचारलं, “वारा पडल्यावरच पेटवता ना?” ते म्हणाले, “पडल्यावर नाय पोरी. वारा ठरल्यावर. पडलेला वारा कुठनं उठंल सांगता येत नाय.”

राबातून आग कधीच सुटत नाही असं मी म्हणणार नाही. घाईत, भरदुपारी, एकट्याने भाजलं तर सुटते. पण ज्यांना हे काम येतं त्यांना दोष देत बसण्यापेक्षा रस्त्याकडेला गाड्या लावून बसणाऱ्यांकडे बघायला हवं. आज रस्त्यापासून पन्नास पावलांत तीन चुली सापडल्या, दगड मांडून केलेल्या. एकीतली राख कोमट होती.

९ एप्रिल

सकाळी १०.५० ला पठाराच्या ईशान्य कोपऱ्यात, डांबरी रस्त्याजवळ धूर. ११.०५ ला १९२६ वर फोन. आम्ही पाच जण, पाड्यावरचे सहा, थोड्या वेळाने वनरक्षक ताई आणि त्यांचे दोन सहकारी. पाठीवरचे फवारणी पंप तीन, बाकी सगळ्यांच्या हातात हिरव्या डहाळ्या.

वारा पूर्वेचा. आग आमच्या रोपांच्या उत्तरेकडून, शंभरेक मीटर अंतर ठेवून पश्चिमेला पळत गेली. १२.२० पर्यंत तिचं तोंड कड्याशी पोचलं, तिथे खडक लागला आणि ती बसली. मागे राहिली ती बाजूची धग, अडीचशे मीटर लांब, गुडघ्याएवढी, सुस्त. आम्ही पाणी प्यायलो. कोणीतरी म्हणालंही, “वाचलो.”

१२.४० ला वारा फिरला. ती सगळी सुस्त बाजू एका दमात आगीचं तोंड झाली आणि अडीचशे मीटरची रांग आमच्या उत्तरेच्या रेषेवर चालून आली. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ ला १७३ माणसं ज्या वणव्यांत गेली, तिथेही वारा फिरून आगीची लांब बाजूच तोंड झाली होती. हे मला वाचून माहीत होतं. तरीही माझी पाठ आगीकडे होती. ताई ओरडल्या, “काळ्यात या, सगळे काळ्यात!” आम्ही पळत जळून गेलेल्या पट्ट्यात शिरलो. चपलेखालून धग लागते, श्वास कोंडतो, पण एकदा जळलेलं पुन्हा जळत नाही.

रेषा टिकली. सहा मीटर झाडलेल्या मातीपाशी ज्वाळा आल्या, वाकल्या आणि काही मिनिटांत खाली बसल्या. पण एका ठिकाणी नाही. पांगाऱ्याच्या ओंडक्यावरून आग पुलावरून चालत यावी तशी आत आली. ४१ रोपं गेली. दीड महिना तो ओंडका मी बघत होते आणि प्रत्येक नोंदीत पुढे ढकलत होते. करवत आणायची जबाबदारी माझी होती.

३.३० ला विझली. सगळीकडून फिरून खात्री केली आणि घरी आलो.

११ एप्रिल

खात्री केली असं परवा लिहिलं, ते चूक होतं. आज दुपारी १ वाजता त्याच पांगाऱ्यातून पुन्हा धूर. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि भुसभुशीत, आतून पोखरलेलं. वरून काळं थंड दिसत होतं, आत दोन दिवस इंगळ धुमसत होता. वारा भरला तसा फुलला. चाफेवाडीची दोन मुलं बकऱ्यांमागे होती म्हणून वेळेत कळलं. पंपाने विझत नव्हतं, कुऱ्हाडीने फोडून, माती आणि पाणी कालवून चिखल आत भरला तेव्हा कुठे थांबलं.

बाबांनी तपासायची रीत दाखवली. हात उलटा करायचा, पंजाची मागची बाजू आधी बोटभर वरून फिरवायची, ऊब नसेल तर टेकवायची. तळहाताला घट्टे असतात, त्याला कळत नाही. पांढरी राख दिसली की तिथे हमखास खड्डा असतो, त्यात पाय टाकायचा नाही. जळून गेलेल्या मुळांच्या जागी बोळ होतात आणि आग त्या बोळांतून जमिनीखाली सरकते. एका बुंध्याजवळ मी हात उलटा धरला. वर काहीच दिसत नव्हतं, धूर नाही, वास नाही. हात खाली नेला आणि झटकन मागे आला. अजून चटका आहे.

पुढे ‘विझली’ हा शब्द ओंडका न् ओंडका हाताने बघितल्याशिवाय नोंदीत येणार नाही.

१३ एप्रिल

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावरून वणव्याचे इशारे मोबाइलवर मिळतात, नोंदणी कोणालाही करता येते. आम्ही केली आहे. पण ९ तारखेच्या आगीचा इशारा आमच्या फोनवर आला नाही. त्या उपग्रहाची फेरी साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडला असते, एक चौकोन ३७५ मीटरचा. दीडच्या सुमाराला आमची आग बसत आली होती. मोठ्या जंगलांसाठी ही व्यवस्था फार मोलाची आहे. आपल्या टेकडीसाठी मात्र पाड्यावरच्या माणसाचा फोन लागतो. चाफेवाडी आणि फणसवाडी या दोन्ही पाड्यांवर एकेक फवारणी पंप कायमचा ठेवायचं ठरलं.

१६ एप्रिल

काम नाही. २०२३ साली याच तारखेला इथे खाली, खारघरच्याच मैदानात, उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. आमचाही नियम आजपासून कडक: ११ ते ४ कोणतंही झाडणं-कापणं नाही. फक्त आग लागली तरच.

६ मे

दुपारी माथेरान आणि प्रबळगडाच्या मागे ढग चढायला लागले. वळवाचे दिवस आले. घाटाच्या उतारावर तापलेली हवा वर चढते, ढग तिथे तयार होतात आणि संध्याकाळकडे पश्चिमेला, आपल्या अंगावर सरकतात. १३ मे २०२४ चं धुळीचं वादळ सगळ्यांना आठवतं, घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जण गेले तेच. पाऊस नंतर आला, वारा आधी.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत विजेचीच धास्ती असते. तिथल्या कोरड्या वादळात पाऊस हवेतच विरतो आणि वीज तेवढी जमिनीवर पोचते. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियात अशा विजांनी काही दिवसांत शेकडो वणवे लावले. आपल्याकडे वीज येते ती पावसाला घेऊन. आपले वणवे बहुतेक माणसाच्या हातचे. पण आधीच कुठे आग असेल आणि वर वळवाचा वारा आला तर काय होईल, हे आमच्या नियमांत नव्हतं. आज घातलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर घेतलं, ते २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तिसाच्या आत आलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. आग असो नसो, पठार सोडायचं.

१९ मे

दुपारी ३.४० ला फणसवाडीच्या खालच्या पूर्व उतारावर आग. कोणी लावली ते कळलं नाही. वारा समुद्राकडचा, म्हणून आग उताराने खाली ढकलली जात होती, हळू. ४.३० पर्यंत निम्मी आवरली. बरं चाललं होतं.

४.५० ला वारा पडला. धूर सरळ दोरीसारखा वर गेला. पक्ष्यांचा आवाज बंद झाला. मुलं म्हणाली, “आत्ताच उरकून टाकू.” माझ्याही मनात तेच आलं होतं. पण प्रबळच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि मला बाबांचं बोलणं आठवलं. पडलेला वारा कुठनं उठंल सांगता येत नाय. वीज दिसली, मोजलं, चोवीस. ताईंनी शिट्टी मारली आणि सगळे डांबरी रस्त्यावरच्या गाड्यांत येऊन बसलो, काचा वर.

५.०४ ला पूर्वेकडून वारा आला. आधी धूळ, मग पत्रा वाजावा तसा आवाज. जी आग उताराने खाली रांगत होती तिला आता मागून वारा आणि वर चढ मिळाला. आम्ही ज्या ठिकाणी अकरा मिनिटांपूर्वी उभे होतो ती जागा ज्वाळेखाली गेली. पठारावर आल्यावर एप्रिलमध्ये जळलेला भाग तिच्या आडवा आला. तिथे खायला काहीच नव्हतं, म्हणून रोपांपर्यंत पोचली नाही. हे आमच्या रेषेचं काम नाही, हे स्वच्छ लिहून ठेवते.

५.२० ला पाऊस. वीस मिनिटं, टपोरा. वासावरून कळत नव्हतं, मातीचा की राखेचा.

गाडीत मावशी माझ्या शेजारी होत्या. पूर्व उतारावर त्यांच्या करवंदीच्या जाळ्या होत्या. मे महिन्यात पाटी भरून खाली विकायला न्यायच्या त्या तिथल्याच. या आठवड्यात करवंदं काळी झाली होती. त्या काचेतून बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. मी त्यांचा हात धरला. त्यांच्या नखांत चीक होता, सकाळच्या करवंदांचा.

२० मे

सकाळी ६ ला गेलो. पावसानंतर सगळं ओलं, चकचकीत काळं. अकरा जणांनी रांग करून ओंडका न् ओंडका हाताने बघितला. दोन बुंधे आतून गरम निघाले, एक तर पाऊस पडलेल्या बाजूनेही. फोडले, चिखल भरला. १०.१५ ला नोंद: विझली.

८ जून

पहिल्या सरी होऊन गेल्या. एप्रिलमध्ये गेलेल्या ४१ रोपांची मोजणी केली. पळस ९ पैकी ८ बुडातून फुटले. आपटा ७ पैकी ५. ऐन १० पैकी ४. मोठ्या ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल आग सोसते, पण यांना अजून साल धरायची होती. मोह ६ पैकी १. बेहडा ९ पैकी एकही नाही. एकूण १८ जिवंत. उरलेल्या २३ जागी नवी रोपं पुढच्या रविवारी, पळस आणि आपटा जास्त.

परतताना मावशींबरोबर पूर्व उतारावर गेले. करवंदीच्या जाळ्यांचे काटेरी सांगाडे उभे आहेत, पण बुडाशी तांबूस कोंब बोटभर वर आलेत. मावशी उकिडव्या बसल्या, एकेक जाळी बघत गेल्या. किती वर्षांनी फळ धरेल असं विचारलं तर म्हणाल्या, “मधी जळलं नाय तर दोन-तीन.”

पुढच्या फेब्रुवारीत रेषा तिथूनही न्यायची. मोजपट्टी टाकून बघितलं, ३८० मीटर वाढतात. वनरक्षक ताईंकडे आज तसा अर्ज दिला. पांगाऱ्याचे तुकडे करून रेषेबाहेर ओढून टाकले.